कोल्हापूर ते तेझू: तीन तास त्रेचाळीस मिनिटांचं न उडणारं विमान

आत्याच्या मोबाइलवर स्वच्छ लिहून आलं होतं: तीन तास त्रेचाळीस मिनिटं. तिचा मुलगा फौजेत आहे, पोस्टिंग अरुणाचल प्रदेशात, तेझूच्या बाजूला. दिवाळीची रजा संपवून तो भल्या पहाटे गडहिंग्लज तालुक्यातल्या गावातून निघाला आणि उजळाईवाडीला कोल्हापूरच्या विमानतळावरून विमानात बसला. इकडे आत्यानं धाकटीकडून फोनवर "कोल्हापूर ते तेझू विमानानं किती वेळ" असं विचारून घेतलं. दुपारी एकपासून ती फोन मांडीवर घेऊन सोप्यात बसलेली. "पोचला असंल की आता. फोन कसा न्हाई आला?"

फोन आला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनला.

"मग त्यात तीन तास कशाला लिवलंय?" हा तिचा पुढचा प्रश्न, आणि तो मला विचारला होता. तेव्हा मला धड सांगता आलं नाही. नंतर कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आधी त्या आकड्याचं बघू. तो खोटा नाही, पण कोणाच्या घड्याळावरून आलेलाही नाही. अशी उत्तरं देणारी गणकयंत्रं दोन गावांमधलं सरळ अंतर काढतात, त्याला प्रवासी जेटच्या ढोबळ वेगानं, म्हणजे ताशी 800 किलोमीटरच्या आसपासच्या आकड्यानं भागतात, आणि वर उड्डाण-उतरणीचा म्हणून अर्धा तास ठेवून देतात. कोल्हापूर ते तेझू सरळ अंतर सुमारे 2,570 किलोमीटर. भागिले 800, आले तीन तास तेरा मिनिटं. अधिक अर्धा तास. झाले तीन त्रेचाळीस. त्या हिशेबात कुठलं विमान, कुठली धावपट्टी, कुठलं वेळापत्रक यातलं काहीही नाही. यंत्राला दोन टिंबं दिसतात आणि मधली रेघ.

ती रेघ तरी कशी मोजतात? कोल्हापूरचा विमानतळ 16.66 अंश उत्तर अक्षांशावर आणि 74.29 अंश पूर्व रेखांशावर आहे; तेझूचा 27.94 आणि 96.13वर. पृथ्वीच्या मध्यबिंदूपासून या दोन्ही ठिकाणांकडे एकेक काठी धरली, तर दोन काठ्यांमधला कोन 23 अंशांच्या किंचित वर भरतो. आता विमानवाल्यांचं मोजमाप बघा किती सोयीचं आहे. एका अंशाचे साठ भाग केले की एका भागाएवढं पृथ्वीवरचं अंतर म्हणजे एक सागरी मैल, 1,852 मीटर. तेव्हा 23 गुणिले 60, वरचा किंचित धरून 1,385 सागरी मैल. दर्यावर्दी लोकांचं हे माप वैमानिकांनी तसंच उचललं, ते यासाठीच. कोन कळला की अंतर कळलं.

एका ठिकाणी 2,567 आणि दुसरीकडे 2,572 दिसलं तर गोंधळू नका. पृथ्वी अगदी गोल चेंडू नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या 6,378 किलोमीटर, ध्रुवाकडे 6,357. कोणी तिला चेंडू धरून मोजतं, कोणी तिचा चपटेपणा धरून. फरक चार-पाच किलोमीटरचा, म्हणजे विमानाला तो अर्ध्या मिनिटाचाही नाही.

सपाट नकाशावरची सरळ रेघ ही खरी जवळची वाट नसते, हेही आपण ऐकलेलं असतं. शाळेतल्या पृथ्वीगोलावर दोन गावांमध्ये दोरा ताणून धरला की तो ज्या वाटेनं बसतो ती जवळची वाट. तिला बृहद्वृत्त म्हणतात. हा मुद्दा सांगताना सगळे फार रंगून जातात, म्हणून मी मुद्दाम हिशेब केला. कोल्हापूर ते तेझू सगळा वेळ होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं, तर अंतर वाढतं फक्त दोन-तीन किलोमीटरनं! आपल्या देशातल्या देशात या वळणाला काही किंमत नाही. ती कळते लांबच्या उड्डाणात. जानेवारी 2021 मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सगळ्या महिला सहकाऱ्यांनी सान फ्रान्सिस्को ते बेंगळुरू विमान आणलं, ते उत्तर ध्रुवावरून. सपाट नकाशा समोर ठेवला तर ही वाट वेड्यासारखी वाटते. दोरा ताणला तर तीच सरळ.

आता तो दोरा आपल्या कामाचा आहे तो वेगळ्याच कारणानं. कोल्हापूरहून निघालेली ही रेघ सांगलीवरून जाते. मग सोलापूर, उदगीर. चंद्रपूरच्या थोडं दक्षिणेकडून ती महाराष्ट्र सोडते. रायपूर डाव्या हाताला ठेवून झारखंडात शिरते, रांचीच्या खालून जाते, मुर्शिदाबादजवळ बांगलादेशात शिरते आणि गारो टेकड्यांपाशी पुन्हा भारतात येते. नंतर गुवाहाटी. आणि शेवटी, तेझूच्या 120 किलोमीटर अलीकडे, चक्क दिब्रुगढ विमानतळाच्या डोक्यावरून. म्हणजे माझा आत्येभाऊ जिथे विमानातून उतरला ते दिब्रुगढ या रेघेवरच आहे. तो वाकड्या वाटेनं गेलाच नव्हता.

मधल्या बांगलादेशाची धास्ती नको. परवानगी आणि शुल्क यांची रीतसर व्यवस्था असली की प्रवासी विमानं दुसऱ्या देशावरून जातात. कोलकाता ते आगरतळा विमान बांगलादेशावरून जातं म्हणून ते अंतर 320 किलोमीटरच्या आत बसतं. तेच देशातल्या रुळांवरून जायचं तर सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्टीतून वर चढून, गुवाहाटीला वळसा घालून खाली यावं लागतं, दीड हजार किलोमीटरच्या वर. अंतर किती, या प्रश्नाला कोण विचारतंय आणि कशानं जाणार, हे कळल्याशिवाय उत्तर नाही ते असं.

पोचणारं उतरेना, उतरणारं पोचेना

खरी मेख आहे ती दोन टोकांना, मधल्या हवेत नाही.

तेझू हे लोहित जिल्ह्याचं ठिकाण. तिथल्या विमानतळाची धावपट्टी 1,500 मीटरची आहे, नव्या टर्मिनलचं उद्‌घाटन सप्टेंबर 2023 मध्ये झालं. कोल्हापूरचा विमानतळ त्या मानानं जुना. राजाराम महाराजांच्या काळात, 1939 साली तो सुरू झाला आणि त्यांचंच नाव त्याला आहे. आता धावपट्टी वाढवत वाढवत दोन किलोमीटरच्या जवळ नेली आहे. मुंबई-दिल्लीच्या धावपट्ट्या पावणेतीन ते साडेचार किलोमीटरच्या असतात, तेव्हा ही दोन्ही भावंडं लहानच.

अशा लहान धावपट्टीला जे विमान सोयीचं, ते आपल्याकडे सर्वांना माहीत झालेलं आहे: एटीआर-72. बाहेरून दोन मोठे पंखे दिसतात ते. आमच्याकडे त्याला सरळ पंख्याचं विमान म्हणतात आणि त्यात बसताना पहिल्यांदा सगळे थोडे बिचकतात. सत्तर-पंचाहत्तर माणसं बसतात. पूर्ण भारानिशी उडायला त्याला तेरा-चौदाशे मीटर पुरतात. तेझूच्या दीड हजारात ते बसतं. पण वेग ताशी 500 किलोमीटरच्या आसपास, आणि सगळ्या खुर्च्या भरून ते एका दमात साधारण चौदा-पंधराशे किलोमीटर जातं. त्याच्यापुढे 2,570 किलोमीटर म्हणजे पाच तासांहून जास्त, आणि मध्ये कुठेतरी उतरून तेल भरणं आलंच.

दुसरं विमान म्हणजे एअरबस ए-320, मुंबई-दिल्ली मार्गावर बघतो ते. एकशे ऐंशीच्या आसपास माणसं, ताशी 830 किलोमीटर, आणि 2,570 किलोमीटर त्याच्या खिजगणतीतही नाहीत, त्याच्या दुप्पट ते सहज जातं. पण भरलेल्या ए-320ला उडायला दोन किलोमीटरच्या वर धावपट्टी लागते. तेझूला त्याला जागाच नाही.

म्हणजे बघा कशी गंमत झाली. जे विमान तेझूला उतरू शकतं ते कोल्हापूरहून तिथवर पोचत नाही, आणि जे पोचू शकतं त्याला तिथं उतरता येत नाही. आत्याच्या फोनवरच्या तीन तास त्रेचाळीस मिनिटांत वेग घेतला होता ए-320चा आणि धावपट्टी गृहीत धरली होती एटीआरची. घोड्याचे पाय आणि शेळीचं पोट.

असं विमान जगात नाहीच असंही नाही. उद्योगपतींची छोटी बिझनेस जेट असतात, त्यांतली काही हजार-बाराशे मीटरवरून उडून तीन हजार किलोमीटर जातात. हवाई दलाचं सी-130जे तर याहून लहान आणि ओबडधोबड पट्ट्यांवरही उतरू शकतं. पण पहिल्याचं तिकीट आपल्याला परवडत नाही आणि दुसऱ्याचं विकत मिळत नाही.

इथे एक गोष्ट जरा थांबून समजून घेण्यासारखी आहे. विमान किती लांब जाईल हा त्याच्या टाकीचाच प्रश्न नसतो. वजनाचा एक वरचा आकडा ठरलेला असतो आणि त्यात तेल, माणसं, सामान सगळं बसवायचं असतं. तेल जास्त घ्यायचं तर माणसं कमी करा. आणि तेल म्हणजे फक्त जायचं तेल नव्हे. उतरायचं ठिकाण धुक्यात किंवा पावसात बंद झालं तर दुसऱ्या विमानतळापर्यंत जायचं तेल, शिवाय त्याच्यावर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं तेल, हे आधीच बाजूला धरावं लागतं. धावपट्टी आखूड असेल तर वजनाचा तो वरचा आकडाच खाली येतो. हवा तापली की ती विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, आणि आकडा आणखी खाली. विमानतळ उंचावर असला तरी तेच. लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून 3,256 मीटरवर आहे. तिथली प्रवासी विमानं सकाळी सकाळी उरकून घेतात, कारण दुपारी ऊन आणि वारा दोन्ही चढतात. आपलं कोल्हापूर सहाशे मीटरवर, तितकं बिकट नाही. तरी एप्रिल-मेच्या दुपारी उजळाईवाडीच्या डांबरावर उभं राहून बघा, त्या विमानाची कीव येते.

उड्या मारत जायचं

मग माणूस जातो कसा? टप्प्याटप्प्यानं. कोल्हापूरहून हैदराबाद, बेंगळुरू किंवा मुंबई, तिथून कोलकाता किंवा गुवाहाटी, तिथून दिब्रुगढ. दिब्रुगढहून तेझूला तीन-चार तासांचा रस्ता. तेझूला प्रादेशिक विमानसेवा आली खरी, पण अशा ठिकाणची उड्डाणं आठवड्यातल्या ठरावीक वारांची असतात आणि वेळापत्रक हंगामागणिक हलतं. त्या दिवशी ती असेल तर नशीब.

रस्ता म्हटल्यावर एक सांगायलाच हवं. वाटेत लोहित नदी ओलांडावी लागते, आणि 2017च्या मे महिन्यात ढोला-सदिया पूल, म्हणजे भूपेन हजारिका सेतू, सुरू होईपर्यंत इथे होडीशिवाय गत नव्हती. पूल 9.15 किलोमीटर लांब आहे. त्या एका पुलानं तेझूची वाट जेवढी जवळ आली तेवढी कुठल्याही विमानानं आणली नसती.

आता टप्प्यांचं अंतर मोजू. कोल्हापूर-हैदराबाद 445 किलोमीटर. हैदराबाद-कोलकाता 1,208. कोलकाता-दिब्रुगढ 852. बेरीज 2,505. आणि कोल्हापूरहून दिब्रुगढ एकदम सरळ गेलं असतं तर? 2,446. तीन विमानं बदलूनही अंतर वाढलं अवघं साठ किलोमीटर! मला हा आकडा दोनदा तपासावा लागला. बेंगळुरूवरून गेलं तर मात्र बेरीज 2,930च्या वर जाते, मुंबईवरून 2,820. म्हणजे तिकीट काढताना नुसतं स्वस्त-महाग न बघता नकाशावर एक नजर टाकली तर तीनशे ते सव्वाचारशे किलोमीटरची रपेट वाचते.

मात्र अंतर साठ किलोमीटरनं वाढलं म्हणून वेळ पाच-सहा मिनिटांनी वाढत नाही. वेळ वाढते ती चढण्या-उतरण्यात आणि बसून राहण्यात.

कोल्हापूर-मुंबईचं उदाहरण घ्या. सरळ अंतर 310 किलोमीटर. ताशी 500च्या वेगानं ते 37 मिनिटांत व्हायला हवं. तिकिटावर तासभर किंवा थोडं जास्तच लिहिलेलं असतं. का? विमानाची वेळ मोजतात ती चाकांखालचे अडसर काढून विमान हललं तिथपासून, पुन्हा अडसर लागून ते थांबलं तिथपर्यंत. त्यात धावपट्टीपर्यंत रांगत जाणं आलं. चढतानाचा कमी वेग आला, उतरतानाचा आला. ते कोल्हापूरचं विमान वर चढून सरळ होतंय न होतंय तोवर खाली यायला लागतं. पाण्याची बाटली वाटणारी मुलगी शेवटच्या रांगेत पोचलेली नसते. वारा पश्चिमेचा असेल आणि आपण पूर्वेकडून येत असू तर बरं, उलट असेल तर विमानतळाला वळसा घालून समोरच्या बाजूनं यावं लागतं, कारण विमान वाऱ्याला तोंड देऊनच उतरवतात. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी मोकळेपणानं काम चालत नाही, आणि आपलं छोटं विमान वर आकाशात रांगेत गोल गोल फिरत राहतं. या सगळ्याचा अंदाज घेऊन कंपन्या वेळापत्रकात थोडी हवा आधीच भरून ठेवतात. म्हणूनच कधीकधी "आपण वीस मिनिटं लवकर पोचलो आहोत" अशी घोषणा होते आणि सगळ्यांना वाटतं वैमानिकानं दामटलं.

तेव्हा ढोबळ हिशेब असा ठेवावा: लहान पल्ल्याला विमानाचा खरा सरासरी वेग ताशी तीनशेच्या घरात पडतो, हजार-बाराशे किलोमीटरच्या पल्ल्याला साडेपाचशे-सहाशेच्या घरात. एका लांब उडीचे तीन तुकडे केले की हा चढ-उताराचा भुर्दंड तीनदा बसतो.

त्या दिवशीचा हिशेब मी आत्येभावाकडून नंतर मिळवला. हवेत असलेला वेळ सगळा मिळून पाच तासांच्या आसपास. गाव ते उजळाईवाडी दीड तास, उड्डाणाआधी दीड तास. हैदराबादला साडेतीन तास बसला. कोलकात्याला उतरला तेव्हा दिब्रुगढची विमानं त्या दिवसापुरती संपली होती, मग रात्र तिथंच एका खुर्चीवर, बॅग पायात अडकवून. सकाळचं विमान, मग दिब्रुगढहून गाडी, वाटेत चहा, पूल, आणि तेझूला पोचून पहिला फोन आईला. तीस तासांहून जास्त, आणि त्यातले हवेतले पाच.

रात्र कोलकात्यात का काढावी लागली, याचं उत्तर थोडं आकाशातही आहे. आपल्या देशात घड्याळ एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं. कोल्हापूर आणि तेझू यांच्या रेखांशांत जवळजवळ 22 अंशांचा फरक आहे आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटं लागतात. म्हणजे तेझूचा सूर्य कोल्हापूरच्या सूर्यापेक्षा जवळजवळ दीड तास पुढे. डिसेंबरात कोल्हापुरात सहाच्या सुमारास दिवस मावळतो. तेझूत सव्वाचारलाच अंधारायला लागतं. आता ज्या लहान विमानतळावर रात्री उतरायची सोय नसते, तिथं उजेड असेपर्यंतच काम चालतं. शिवाय ढगांतून धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा नसली तर वैमानिकाला पाच किलोमीटरपर्यंतचं डोळ्यांनी स्वच्छ दिसावं लागतं. हिवाळ्यात सकाळी धुकं, दुपारी चारनंतर अंधार. मधल्या चार-सहा तासांच्या फटीत विमानं बसवायची. पश्चिमेकडून निघालेला माणूस त्या फटीत त्याच दिवशी पोचायचा, तर कोल्हापूरहून पहाटे तीनला उडायला हवा. तसं विमान नाही.

वारा कोणाचा?

जाताना आणि येताना वेळ वेगवेगळा लागतो हेही त्या गणकयंत्राला ठाऊक नसतं. हिवाळ्यात हिमालयाच्या दक्षिणेकडून, जेट विमानं उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. ताशी दीडशे किलोमीटर म्हणजे काही विशेष नाही, असा. दिल्ली-गुवाहाटी मार्गावर तो अगदी हाताशी लागतो. ते अंतर सुमारे 1,450 किलोमीटर. विमानाचा हवेतला वेग 850 धरू. जाताना वारा पाठीशी, जमिनीवरून बघितलं तर वेग झाला 1,000. 87 मिनिटांत काम फत्ते. येताना तोच वारा तोंडावर, वेग उरला 700. लागली 124 मिनिटं. आणि गंमत अशी की जाताना मिळालेलं येताना फिटत नाही. दोन्ही मिळून 211 मिनिटं. वारा अजिबात नसता तर 205 लागली असती. पाठीच्या वाऱ्यात आपण कमी वेळ असतो आणि तोंडावरच्या वाऱ्यात जास्त वेळ, म्हणून वारा नेहमी थोडं खाऊनच जातो. पंचगंगेत प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध पोहलेल्याला हे आकडे न मांडताही कळेल.

एटीआर इतक्या उंच जातच नाही, त्यामुळे त्याला या वाऱ्याचा एवढा लाभ नाही आणि तोटाही नाही. त्याच्या वाट्याला खालचे ढग आणि हिसके. पावसाळ्यात कोल्हापूरवर उतरणारं एटीआर म्हणजे वडाप गाडी, आतले सगळे देवाचं नाव घेत असतात.

देवाचं नाव निघालंच आहे तर, तेझूजवळ लोहितच्या काठी परशुराम कुंड आहे. मातृहत्येचं पातक परशुरामानं तिथं धुतलं आणि हाताला चिकटलेली कुऱ्हाड सुटली, अशी कथा. मकरसंक्रांतीला मोठी जत्रा भरते. इकडे आपल्याकडे समुद्र मागे हटवून कोकण वसवणारा परशुराम, चिपळूणला त्याचं देऊळ. त्याला कोलकात्याला रात्र काढावी लागली नसणार.

आता कोणी दोन लहान, लांबच्या गावांमधला विमानाचा वेळ विचारला, तर मी आधी फोनवरचं सरळ अंतर बघतो, तेवढं ते खरं असतं. मग दोन्हीकडे कुठलं विमान उतरतं ते बघतो. आपल्या गावाहून थेट विमानं कुठल्या मोठ्या शहरांना जातात आणि पलीकडच्या गावाला कुठून येतात, या दोन याद्या शेजारी ठेवतो. दोन्हीकडे एकच शहर निघालं तर एका बदलीत काम होतं, नाहीतर दोन. प्रत्येक बदलीला किमान दोन-अडीच तास धरतो. सगळी तिकिटं एकाच आरक्षणात काढलेली बरी. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर पुढचं चुकल्याची जबाबदारी कोणी घेत नाही, हे मी स्वतःच्या पैशानं शिकलो आहे. आणि शेवटचा टप्पा लहान विमानतळाचा असेल तर तो सकाळचा घ्यायचा, आठवड्यातला वार तपासून.

वेळ वाचवायचा तर वेगवान विमान शोधण्यात अर्थ नाही. एटीआरऐवजी जेट मिळालं तर हैदराबादच्या टप्प्यात पंधरा-वीस मिनिटं वाचतील. हैदराबादला साडेतीन तासांऐवजी दीड तास बसावं लागलं असतं, तर त्याला कदाचित दिब्रुगढचं शेवटचं विमान मिळालं असतं आणि अख्खी रात्र वाचली असती.

या वर्षी तो गणपतीला आला. आत्यानं फोनवर काही शोधलं नाही. आदल्या रात्री त्याला एवढंच विचारलं, "आज कुठं हाईस?" कोलकाता म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी हैदराबादहून फोन आला तेव्हा तिनं मटण आणायला निघालेल्या धाकटीला हटकलं. गणपतीत कसलं मटण, म्हणाली. उकडीच्या मोदकांचं पीठ मळायला घेतलं, ते मात्र उजळाईवाडीवरून त्याचा फोन आल्यावरच.